फाइलींच्या जन्मतारखा

वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलेल्या माणसाला फोटो दाखवला, तर तो आधी चेहरे बघत नाही. फोटो कधीचा आहे, हे आधी विचारतो. सुरतेतल्या एका दैनिकाच्या मराठी पानावर माझी नोकरी झाली आणि तिचा बराच भाग हा एक प्रश्न विचारण्यात गेला. आमचे वाचक खानदेश, मराठवाडा, विदर्भातून आलेले. कोणी लूमवर, कोणी बांधकामावर, कोणी छोट्या धंद्यात. त्यांच्याकडून फोटो भरपूर येत. फोटोतले दुःख बहुतेक वेळा खरे असे. तारखेची खात्री नसे.

सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका गिरणीला आग लागली, तेव्हा आलेल्या फोटोंतला सर्वांत परिणामकारक फोटो आम्ही छापला नाही. त्यात गिरणीचे छप्पर पत्र्याचे होते आणि जळालेल्या गिरणीवर स्लॅब होता. फोटो कुठल्या तरी जुन्या आगीचा होता. पाठवणाऱ्याला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, आग तर आगच असते ना."

छप्पर दिसत होते म्हणून ते प्रकरण सोपे गेले. जिथे असे काही दिसत नाही, तिथे लोक फाइलवरची तारीख पुढे करतात. संगणकावर किंवा मोबाइलवर फाइलच्या नावापुढे तारीख आणि वेळ दिसते. ती यंत्राने लिहिली आहे, यंत्राला कोणाची बाजू घ्यायची नसते, म्हणून ती खरी, असा बहुतेकांचा समज असतो. माझाही होता.

तो आमच्या कचेरीतले संगणक सांभाळणाऱ्या वाघांनी घालवला. त्यांनी माझ्यासमोर दोन ओळी टाइप केल्या. एकीत फाइलचे नाव, दुसरीत हवी ती तारीख. बटण दाबले आणि मी सकाळी लिहिलेली बातमी मागच्या वर्षीची झाली. आतला एक शब्दही हलला नव्हता.

"ही तारीख फाइलच्या आत नसते," वाघ म्हणाले. "डब्यावर चिठ्ठी चिकटवतो ना आपण, तशी बाहेर असते. आत डाळ आहे की साखर, हे चिठ्ठीला कुठं माहीत?"

"मग हे बेकायदा नाही का?"

"चिठ्ठी बदलणं? तुमच्या पानाचे सगळे जुने फोटो आपण नव्या मशीनवर नेले तेव्हा सगळ्यांना एकच तारीख लागली होती. ती मी अशीच तर नीट केली. तेव्हा पेढे दिले होतेत मला."

दिले होते. म्हणजे तेच काम प्रामाणिक माणूसही करतो आणि अप्रामाणिकही, आणि झाल्यावर दोन्ही फाइली सारख्याच दिसतात. वाघांनी एक खूण मात्र सांगितली. माणूस काम करून फाइल साठवतो तेव्हा सेकंदाच्या जागी कुठलाही आकडा येतो. हाताने तारीख लिहिणारा तास आणि मिनिटे लिहितो आणि सेकंद विसरतो. तिथे शून्य राहते. एका फाइलवर शून्य दिसले तर योगायोग म्हणता येतो. सगळ्याच फाइलींवर दिसले तर विचारावे.

हे मी पहिल्यांदा विचारले इच्छापोरच्या एका ठेकेदाराला. त्याच्याकडच्या कामगाराचा हात यंत्रात गेला होता. अपघाताच्या आधीच आम्ही सुरक्षेचे प्रशिक्षण दिले होते, असे सांगून त्याने फोटोंचे एक फोल्डर पाठवले. तारखा अपघाताच्या आधीच्या, सेकंदांच्या जागी सगळीकडे शून्य. ठेकेदार जराही गडबडला नाही. "कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं होतं मॅडम, म्हणून पोराकडून नीट करून घेतलं." हे खोटे आहे असे मला सिद्ध करता आले नाही. बातमीत 'ठेकेदाराचे म्हणणे' म्हणून ते छापून आले. पुढे जे कळले ते तेव्हा कळले असते, तर त्या तारखा मी आणखी एका पद्धतीने तपासल्या असत्या. ते फोल्डर आता कुठेच नाही.

जे कळले ते छायाच्या प्रकरणात. हे तिचे खरे नाव नाही. यातली बाकीची नावेही बदललेली आहेत.

छाया दिवाळीनंतरच्या लग्नसराईत एका दुपारी कचेरीत आली. राहणार नवागामची, मूळची धुळ्याकडची. वडील लूम चालवायचे. तिने पिशवीतून साडी काढून माझ्या टेबलावर पसरली. छापील साडी, बदामी रंगाची, काठाला हिरव्या डहाळ्यांची वेल. पाने लांबट आणि त्यांच्या कडांना करवतीसारखे दाते.

"ताई, ही साडी माझी आहे."

"विकत घेतली?"

"नाही. काढली मी. दुकान दुसऱ्याचं आहे."

बाहेरच्यांसाठी थोडे सांगायला हवे. सुरतेची छापील साडी आधी संगणकावर तयार होते. काठ, पदर, अंग, ब्लाउजपीस यांच्या वेगवेगळ्या फाइली असतात आणि प्रत्येक रंगाचा वेगळा थर असतो. थर सुटे असलेल्या फाइलीला बाजारात 'ओपन फाइल' म्हणतात. ती ज्याच्याकडे असेल तो रंग, माप, काहीही बदलू शकतो. छायासारखे घरी बसून डिझाइन करणारे लोक पेन ड्राइव्ह घेऊन दुकानोदुकानी जातात. पेन ड्राइव्ह दुकानाच्या संगणकाला लावला जातो, शेठ डिझाइन बघतो आणि "जोईशुं", म्हणजे बघू, असे म्हणतो. तेवढ्या वेळात दुकानाचा ऑपरेटर फाइल उतरवून घेऊ शकतो. सगळ्यांना हे माहीत असते. तरी पेन ड्राइव्ह लावला जातो, कारण न लावणाऱ्याला पुढच्या वेळी कोणी बसायला सांगत नाही.

या धंद्यात डिझायनरने करू नये अशी एक गोष्ट आहे. एक डिझाइन दोन दुकानांना द्यायचे नाही.

छायाचे म्हणणे असे. रथयात्रेनंतर तिने हे डिझाइन मनहरभाईंना दाखवले. त्यांचे रिंग रोडवरच्या एका मार्केटात मोठे दुकान आहे. ते "जोईशुं" म्हणाले आणि नंतर फोन उचलेनात. तेव्हा तिने ते एका छोट्या व्यापाऱ्याला दिले. त्याच्या साड्या छापून येईपर्यंत मनहरभाईंच्या त्याच साड्या बाजारात लागलेल्या. छोटा व्यापारी म्हणाला, तू एकच माल दोघांना विकलास. मनहरभाई म्हणाले, डिझाइन आमच्या घरचे आहे, या बाईने आमच्या दुकानात पाहून चोरले. मार्केटात व्यापाऱ्यांचे पंच असतात, प्रकरण त्यांच्यापुढे जाणार होते.

"पंचांनी चोर म्हटलं की झालं, ताई. या मार्केटात पायरी चढू देणार नाहीत. आणि बाकीची मार्केटं काय, एकमेकांना फोनच करतात. मला दुसरं काय येतं?"

मी तिची फाइल पाहिली. तिच्यावरची तारीख मनहरभाईंच्या साड्या बाजारात आल्यानंतरची होती.

"लॅपटॉप गेला होता," ती म्हणाली. "दुरुस्तीवाल्याने डेटा काढून दिला. तेव्हापासून सगळ्या फाइलींना हीच तारीख दाखवतो."

दुरुस्तीवाल्याकडे जाऊन विचारले. डेटा काढून दिल्याचे त्याने मान्य केले. आत काय होते, ते त्याला माहीत नव्हते. म्हणजे छाया सांगते ते शक्य होते, एवढेच. फाइलवर दिसते त्याच दिवशी मनहरभाईंच्या साडीवरून डिझाइन काढून, मोडलेल्या लॅपटॉपची गोष्ट जोडून दिली असणेही शक्य होते. मी दोन्ही शक्यता धरून चालले.

मनहरभाई सभ्य माणूस. चहा मागवला, ऑपरेटरला फोल्डर उघडायला सांगितले. "छापो ने, बेन. पण साचुं छापजो." छापा, पण खरे छापा. सगळ्या ओपन फाइली होत्या, थर सुटे. त्यामुळे कोणाची अस्सल आणि कोणाची नक्कल, हे फाइलीच्या आतून ठरण्यासारखे नव्हते. तारखा वैशाखापासून सुरू होऊन रथयात्रेपर्यंत सावकाश सरकत आलेल्या. आधी काठ, मग पदर, मग अंग, मग रंगांचे पर्याय. काम खरोखर याच क्रमाने होते. सेकंदांच्या जागी शून्य, प्रत्येक फाइलीवर.

"हे असं कसं?" मी ऑपरेटरला विचारले. त्याने शेठकडे पाहिले.

"अमारुं कम्प्युटर एवुं ज छे," शेठ म्हणाले. त्यांचा संगणकच तसा.

"ही पानं कसली आहेत?" मी काठावर बोट ठेवले.

"आसोपालव. तोरणमां होय ने, ए. शुभ गणाय." म्हणजे तोरणात लावतात तो अशोक, शुभ मानलेला.

तारखा उतरवून घेऊ का, असे विचारले. त्यांनी हरकत घेतली नाही. पहिली तारीख अक्षय तृतीयेची होती. मला तेव्हा त्यात काही वाटले नाही.

पंचांची बैठक जवळ आली तेव्हा छाया पुन्हा आली, या वेळी भावाला घेऊन. दीपक भरतकामाच्या एका कारखान्यात संगणकावर बसतो. त्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

"ताई, खऱ्या तारखेची फाइल सापडली."

मी लावून पाहिली. तीच फाइल, आणि तिच्यावर अक्षय तृतीयेची सकाळ. सेकंदांच्या जागी शून्य.

"हिच्यावर परवा दुसरी तारीख होती," मी म्हणाले.

"ती चुकीची होती. ही खरी. मी फक्त परत लावून दिली."

"कशी लावलीस?"

त्याने बहिणीकडे पाहिले. छाया साडीचा काठ बोटांवर गुंडाळत होती.

खानदेशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, दिवसभर गाणी म्हणतात. माझे माहेरही तिकडचे आहे. मी छायाला विचारले, "आखाजीला तू कुठे होतीस?"

"माहेरीच," ती म्हणाली आणि थांबली. आपण काय बोलून गेलो, ते तिच्या लक्षात आले.

"झोक्यावर लॅपटॉप घेऊन बसली होतीस?"

दीपक हसला. छाया हसली नाही.

मी सांगितले की हा पेन ड्राइव्ह पंचांपुढे आला, तर मला माहीत आहे ते मी सांगेन. छायाने तो भावाच्या हातातून काढून घेतला आणि पर्समध्ये टाकला. दोघे गेले. माझ्या हिशेबी छायावरचा संशय त्या दिवशी वाढला. खरी माणसेही घाबरून खोटे करतात, हे मला ठाऊक होते. पण पंचांना ते कशाला पटेल?

दोघे गेल्यावर मी मनहरभाईंच्या तारखा पुन्हा वाचल्या. पहिलीही आखाजीच. मनहरभाई आणि दीपक एकमेकांना ओळखत नव्हते. दीपकने ती तारीख डोक्यातून काढली होती, हे मला कळून चुकले होते. मग मनहरभाईंनी कुठून काढली?

बैठक मार्केटच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत भरली. पंचांतले सर्वांत वडील कांतिभाई. त्यांनी आयुष्यभर जळगाव-धुळ्याच्या दुकानदारांना माल विकला, त्यामुळे मराठी चांगली बोलत. भिंतीवर पंचांगाचे मोठे कॅलेंडर लटकत होते. मार्केटातल्या प्रत्येक दुकानात असते तसेच. मी बातमीदार म्हणून कोपऱ्यात बसले होते. दीपक दाराशी उभा होता. टेबलावर ती साडी पसरलेली होती आणि मनहरभाईंचा हात तिच्या काठावर होता.

मनहरभाईंच्या ऑपरेटरने फोल्डर दाखवले. मग छायाचा लॅपटॉप उघडला गेला. तिने दुरुस्तीवाल्याने दिलेली तीच फाइल आणली होती, नंतरच्या तारखेची. पेन ड्राइव्ह बाहेर काढला नाही. खोलीत हसू उमटले.

"म्हणजे नक्कल आधी जन्मली आणि अस्सल नंतर? मुलगा आधी, बाप नंतर?" एक पंच म्हणाले.

कांतिभाई माझ्याकडे वळले. "बेन, तुम्ही छापावाले. ही तारीख खरी की खोटी?"

"ते मी सांगणार नाही," मी म्हणाले. "तारीख कशी लावतात ते दाखवते."

मी माझ्या लॅपटॉपवर त्यांच्यासमोर नवी फाइल केली. तिच्यात पंचांची नावे लिहिली. मग वाघांच्या त्या दोन ओळी उघडल्या. "काका, कुठलीही एक तारीख सांगा."

कांतिभाईंनी क्षणभर विचार केला आणि नातवाची जन्मतारीख सांगितली. मी ती लिहिली. बटण दाबले. आत्ता केलेली फाइल त्यांच्या नातवाबरोबर जन्मली.

"घ्या," कांतिभाई म्हणाले. "पोरगा रडायच्या आधी टायपिंग शिकला."

सगळे हसले. मनहरभाईही हसले. मी सेकंदांच्या शून्यांची गोष्ट सांगितली. ती कोणाला फारशी पटली नाही. "सेकंद कोण बघतं, बेन," एक जण म्हणाला. कांतिभाई मात्र अजून माझ्या पडद्याकडे पाहत होते.

"मी बघा, नातवाचीच तारीख सांगितली," ते सावकाश म्हणाले. "कुठलीही सांगा म्हटलं, तरी बायको गेली ती तारीख नाही सांगितली. कोणी सांगणारच नाही." मग माझ्याकडे हात केला. "मनहरच्या तारखा वाचा."

मी वाचू लागले. कांतिभाई उठून कॅलेंडरपाशी गेले आणि मागची पाने उलटून खिळ्याला अडकवू लागले.

"अखात्रीज," ते म्हणाले, म्हणजे आखाजीच. "वेळ? सकाळची? लाभ चौघडिया." पान उलटले. "पुढची? हं. गुरुपुष्य. अमृत चौघडिया." आणखी एक पान. "ही पौर्णिमा. शुभ." दिवसाच्या शुभ-अशुभ वेळा, म्हणजे चौघडिया, त्या कॅलेंडरवर छापलेल्या असतात. ते वाचत राहिले. एकही फाइल राहुकाळात नव्हती, एकही अमावास्येला नव्हती, 'काल' आणि 'रोग' या अशुभ चौघडियांत एकही नव्हती. शेवटची रथयात्रेची, तीही लाभात.

ऑपरेटर जमिनीकडे बघत होता.

"काका, शुभ वेळी काम करणं गुन्हा आहे का?" मनहरभाई म्हणाले. त्यांनाही मराठी येत होती, असे तेव्हा कळले.

"गुन्हा नाही रे. पण पार्टी समोर बसली असते, माल आज पाहिजे म्हणते, तेव्हा तू डिझायनरला म्हणतोस का, थांब, अजून उद्वेग चौघडिया चालू आहे? दिवाळीत मला झोपेतून उठवून गाडी मागतोस, तेव्हा तुझं चौघडिया कुठं जातं?"

कोणी हसले नाही. मनहरभाईंच्या दुकानात कुठलेही काम कॅलेंडर पाहिल्याशिवाय सुरू होत नाही, हे सगळ्यांना माहीत होते. ऑपरेटरला खोट्या तारखा निवडायला सांगितले, तेव्हा त्याचा हात सवयीने कॅलेंडरकडेच गेला असणार. हा माझा अंदाज. त्याने कधी काही कबूल केले नाही.

मी लिहीत होते, पण एक गोष्ट नोंदवून ठेवावी लागेल. मनहरभाईंच्या तारखा खोट्या असल्या, तरी त्यामुळे डिझाइन छायाचे ठरत नव्हते. कांतिभाईंनाही ते कळत होते. ते खुर्चीत येऊन बसले आणि छायाकडे वळले.

"तुझी तारीख सांग. फाइलवरची नको. तोंडाने सांग."

दाराशी उभा असलेला दीपक चटकन म्हणाला, "काका, आखाजी..."

"तुला विचारलं नाही."

छायाने भावाकडे पाहिले नाही. साडीकडे पाहिले. "आखाजीला नाही," ती म्हणाली. "त्यानंतर. सुतकात काढली."

कांतिभाईंनी पुढे सांग, अशी मान हलवली.

"सासरे गेले. तेराव्यापर्यंत मला कुठलं दुकान आत घेणार? हातात काम नव्हतं. दिवसभर बायका येऊन बसायच्या, त्या गेल्या की मी लॅपटॉप घेऊन बसायचे. आमच्यात स्मशानातून आले की दारात कडुलिंबाचा पाला चावतात. ती डहाळी दाराशी तशीच पडली होती. तिच्यावरून काठ काढला." तिने बोट ठेवले. "ही आसोपालव नाही. त्या पानाला असे दाते नसतात. हा लिंब आहे."

मनहरभाईंचा हात काठावर होता. तो त्यांनी उचलला. विस्तव लागल्यासारखा उचलला, असे लिहिण्याचा मोह होतो, पण तसे नव्हते. हळूच उचलला, खिशातून रुमाल काढला आणि बोटे पुसली.

"सुतकमां?" ते शेजाऱ्याला म्हणाले. "आ तो लगननी साडी छे."

कांतिभाईंनी ते ऐकले. रुमालही पाहिला.

"का रे मनहर," ते म्हणाले, "तुझी आसोपालव तर अखात्रीजची ना? घरची? मग तुला कसलं सुतक लागलं?"

मनहरभाईंनी रुमालाची घडी केली. ती खिशात ठेवली.

पंचांचा निर्णय तोंडी झाला. फाइलवरच्या तारखा, कोणाच्याही, यापुढे पुरावा धरायच्या नाहीत. छायाने एक माल दोघांना विकला हे म्हणणे चूक. तिच्या नावाला कुठे धक्का लावायचा नाही. मनहरभाईंना कांतिभाई एवढेच म्हणाले की उद्या दुकानात येतो, चहा पाज. त्या मार्केटात ही शिक्षा मोठी असते, कारण पंच कोणाकडे आणि कशासाठी आले, हे सगळी दुकाने बघतात.

जिना उतरताना माझ्या डोक्यात वेगळाच विचार चालू होता. छाया हुशार आहे. शुभ तारखा कशा पकडल्या जातात, हे तिने त्या खोलीत नुकतेच पाहिले होते. जी तारीख कोणी स्वतःहून घेणार नाही तीच खरी वाटते, हे तिला तेवढ्यात सुचले नसेल कशावरून? सासरे गेल्याची बातमी आमच्याच पानावर आली होती, मी ती नंतर काढून पाहिली. मृत्यू खरा होता. पण डिझाइन तेव्हाच काढले, हे त्या बातमीवरून कसे कळणार?

जिन्याच्या वळणावर बहीणभाऊ उभे होते. मी वरच्या पायऱ्यांवर होते. त्यांची माझ्याकडे पाठ होती. घरात बोलतात तशा अहिराणीत दोघे दबक्या आवाजात भांडत होते.

"कसाले बोलनी तू?" दीपक म्हणत होता. "तुले सांगेल व्हतं ना, सुतकनं नाव बी काढू नको. आते कोन लेई तुनी डिझाइन?"

"नही लेवोत. चोर तं नही म्हनाव."

"आखाजी सांगती तं काय बिघडतं?"

"आखाजीले मी झोकावर व्हतू, दादा. त्या बाईले बी समजनं ते."

ती बाई म्हणजे मी. सुतकाची गोष्ट वरच्या खोलीत सुचलेली नव्हती. आधी घरात ठरवून लपवलेली होती. एवढ्या दिवसांत मला दाखवायला आणलेल्या प्रत्येक गोष्टीवर मी संशय घेतला आणि तो बरोबरच होता. हे बोलणे मला ऐकवण्यासाठी नव्हते. मी दोन पायऱ्या मागे सरकले आणि ते जाईपर्यंत थांबले.

दीपकचे म्हणणेही खरे ठरले. डिझाइन छायाचे ठरले आणि त्यानंतर त्या मार्केटात कोणी ते घेतले नाही. छोट्या व्यापाऱ्याने उरलेला माल बाहेरगावी पाठवून दिला. तिकडे ती साडी चांगली चालली, असे नंतर ऐकले. तिकडच्या बायकांना त्यात फक्त हिरवा काठ दिसला. छायाला काम मिळत राहिले. सुरुवातीला कमी, मग नेहमीसारखे. पेन ड्राइव्ह अजून दुकानाच्या संगणकाला लावावाच लागतो. फक्त लावण्याआधी ती नवे डिझाइन कांतिभाईंच्या मोबाइलवर पाठवते. ते बघत नाहीत, नुसते साक्षीला ठेवून देतात.

मी बातमी छोटी केली. डिझाइनच्या मालकीचा वाद पंचांनी मिटवला, डिझायनरवरचा आरोप मागे. सुतकाचा उल्लेख केला नाही. छापला असता तर तो मार्केटाबाहेर, सगळ्या शहरात गेला असता. डिझाइन कधी काढले, हा सगळ्या वादाचा मुद्दा होता आणि माझ्या बातमीत तेवढेच नव्हते. डेस्कवरच्या एका तरुण सहकाऱ्याने विचारलेही, "मॅडम, तारीख राहिली का?" राहू दे, म्हणाले.

हा लेख लिहायचे ठरले तेव्हा मी छायाला भेटायला नवागामला गेले. तिने चहा केला, लॅपटॉप बाजूला सरकवला.

"लिहा आता," ती म्हणाली. "नाव तेवढं बदला."

"सुतकाचं?"

"तेही लिहा. आता काय त्याचं." मग थोडा विचार करून म्हणाली, "तारीख नका लिहू पण. घरात सासऱ्यांचं पान वाढतो त्या दिवशी. दीपकदादा वाचेल, परत म्हणेल, सांगितलं होतं ना."

तारीख मला तिने सांगितली. ती इथे दिलेली नाही.